शिसं, सव्वादोन किलो

काट्यावर ठेवल्याशिवाय सर कुठलीही वस्तू दुर्बिणीवर चढू देत नसत. स्क्रू, वायर, चिकटपट्टीचा तुकडासुद्धा. आधी वजन, मग लाल वहीत नोंद. त्यांचे वडील उमरेडचे विणकर. "माझा बाप सूत तोलून आणे अन् कापड तोलून देई," सर सांगत. "मधात सूत कमी पडलं, तर जवाब द्या लागे."

आमची गॅमा किरणांची दुर्बीण मोठ्या फुग्याखाली लटकून वर जायची. तिथे वैश्विक किरण तिच्याच धातूवर आदळतात आणि तो धातू गॅमा किरण सोडू लागतो. म्हणून वहीतली प्रत्येक वस्तू संगणकात उभी करून तिच्यावर किरणांचा खोटा मारा करायचा, धातूचा हा गोंगाट किती ते काढायचं आणि तो खऱ्या मोजमापातून वजा करायचा. उरेल ते आकाशाचं. हे काम माझं.

मी बोलायचे कमी, तेही इंग्रजीत. सर पडद्याकडे बघून विचारत, "बॅटरीचा डबा कुठं आहे वं? हवेत तरंगून राहिला का?" मी डबा मॉडेलमध्ये घालायला लागायचे. "लाजू नको. किरण तुले विचारून आदळत नाहीत."

उड्डाणानंतर वजाबाकी केली, तर आलेखात छोटासा उंचवटा उरला. सरांनी हिशेब तीनदा करायला लावला. तिन्ही वेळा उरला. यासाठीच त्यांनी आयुष्य घातलं होतं. तो आलेख त्यांनी हुडकेश्वरच्या घरी फ्रिजवर चिकटवला. तोवर त्यांचं डोकं दुखायला लागलं होतं, बोलताना शब्द अडायचे. महिन्याभरात मेंदूत गाठ निघाली.

माझ्या पीएचडीच्या प्रबंधासाठी फोटो चाळताना मला उड्डाणाच्या सकाळचा एक सापडला. दुर्बीण एका बाजूला कललेली, आणि तोल साधायला सर तिच्या चौकटीला करडी लादी बांधत होते. वहीत ती नव्हती. परत आलेल्या सामानात शिशाची ती लादी मिळाली. सव्वादोन किलो. संगणकातल्या मॉडेलमध्ये घातली, तर उंचवटा गेला.

चार दिवस मी कुणाला सांगितलं नाही. मग धंतोलीतल्या हॉस्पिटलमध्ये गेले. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, फ्रिजवरचा तो आलेख तिथे पलंगासमोर लावला होता. मी सरांना फोटो दाखवला.

"हा मी?"

"हो, सर."

"वहीत नाही?"

"नाही."

"तोललं?"

"सव्वादोन किलो."

"टाकून पाह्यलं? काय उरलं?"

"काही नाही, सर."

त्यांनी फोटो बाजूला ठेवला. मग म्हणाले, "वही आण. माझा हात चालत नाही, तू लिही. पण कोणं बांधलं तिथं माझंच नाव टाक." मी लिहिलं. "आता तो कागद काढ."

"काहून?" काकूंनी विचारलं. कागद मी काढला.

त्यानंतर बाराव्या दिवशी सर गेले. प्रबंध झाला, आकाशातून काही मिळालं नाही, असं त्यात लिहिलं आहे.

लाल वही माझ्याकडे असते. त्यांची पानं मी फोटोंशी ताडून बघते. वहीत लिहिलेली, पण दुर्बिणीवर चढवलीच नव्हती, अशी एखादी वस्तू सापडली, तर माझा गोंगाट तेवढा कमी होईल आणि उंचवटा थोडा तरी परत येईल. अजून सापडलेली नाही. सरांनी नीट लिहिलं आहे.