पायमशीनचं विमान

पवित्रा मंगळवार पेठेत ब्लाऊज शिवते आणि कॉम्प्युटरवर ग्लायडर उडवते. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान, घारीसारखं वाऱ्यावर तरंगणारं. माहेर कोडोलीचं, लहानपणी ती पन्हाळ्याकडच्या घारी बघत बसायची. खरं विमान कुठलं मिळायला? म्हणून तिनं त्या खेळासाठी आपली खुर्चीच तयार केली. जुन्या पायमशीनचा पाटा कापून पायातली पॅडल, नळाच्या पाइपची दांडी, आणि पंखांवरचे ब्रेक उघडायला सासऱ्यांच्या भंगार जीपचा हँडब्रेक. वायरी तिनंच जोडल्या, बोटं तिचीच भाजली. मी शेजारीण, सगळं बघितलंय.

धाकटा दीर सोमेश भाड्यानं जीप चालवतो. खुर्ची तयार झाल्यावर आयत्या बिळात हा नागोबा. उडवून झालं, की उठताना सवयीनं हँडब्रेक ओढून ठेवायचा. जीपला ते ठीक. ग्लायडरचे ब्रेक उघडे राहिले तर ते वर चढत नाही. तो पुन्हा बसायच्या आत पवित्रा गुपचूप हँडब्रेक खाली करून ठेवायची. त्याला कधी कळलंही नाही.

शाहूपुरीत छंदांचं प्रदर्शन भरलं. "वैनी, तुमास्नी चार माणसांत बोलायला जमायचं न्हाय, मी न्हेतो," म्हणत सोमेश खुर्ची घेऊन गेला. आम्ही दोघी बघायला गेलो, तर पाटी लावलेली: 'निर्मिती – सोमेश'. वर हा खुर्चीतून उठून फोटो काढून घेतोय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"फाड ती पाटी," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ दे. उठताना त्येनी हँडब्रेक वढलाय," पवित्रा म्हणाली. "आज मी हात लावणार न्हाय."

आणि ती पहिल्या रांगेत जाऊन बसली.

पाहुणे जमले. सोमेश परत खुर्चीत बसला. पडद्यावर पुढच्या इंजिनवाल्या विमानानं दोर लावून ग्लायडर ओढलं. ते जेमतेम उचललं, पण चढेना. सोमेश दांडी ओढतोय, घाम पुसतोय. शेवटी ग्लायडर पलीकडच्या शेतात आपटलं आणि सगळा हॉल हसला. खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. पवित्राचा चेहरा मात्र तसाच होता.

सोमेशनं तोंड वाचवायला माईक घेतला. "माझी काय चूक न्हाय. ह्ये सगळं वैनींनी बनवलंय. त्यांचंच कायतरी चुकलं असणार."

तेवढ्यासाठीच ती बसली होती. उठली, त्याला खुर्चीतून उठवलं, हँडब्रेक खाली केला आणि सगळ्यांदेखत ग्लायडर वर नेलं. डोंगराच्या कडेनं घिरट्या घालत पार ढगांपर्यंत. आता कुणी हसत नव्हतं. सावकाश उतरवून तिनं पाटी काढली, सोमेशच्या हातात दिली आणि माईक त्याच्या तोंडापुढं धरला.

"मघाशी काय म्हणालासा भावजी? कुणी बनवलंय? मागच्यास्नी ऐकू आलं न्हाय."

सोमेश पाटीकडं बघत पुटपुटला, "वैनींनी."

"मोठ्यानं," पवित्रा म्हणाली.