काटा नेहमी अर्ध्यावर

आमच्या क्लबात विमानं कमी उडतात, किस्से जास्त! सकाळचं धुकं हटेपर्यंत कोणाला काम नसतं. मग चहा येतो आणि कोणीतरी सुरू होतं. नागपूरचा हा छोटासा फ्लाइंग क्लब. मी इथे मुलांना हवामान शिकवतो, म्हणजे स्वतः जमिनीवर बसून वरच्या गोष्टी ऐकतो.

त्या गोष्टींचे हिरो कॅप्टन वानखेडे, विमान उडवायला शिकवणारे आमचे सर. क्लबच्या चार सीटांच्या विमानात पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर अडकलेला. म्हणून उडण्याआधी टाकीत लाकडी काठी बुडवून पाहायची, हा नियम. नव्या पोरांना कॅप्टन बजावायचे, "ह्या काट्यावर भरोसा ठेवू नका. हा आमच्या पेंटरसारखा हाय. कधीही विचारा, अर्धं झालं म्हणते!"

*

एकदा वर्गात कॅप्टननी विचारलं, "हवेत इंजिन बंद पडलं तं पहिले काय करशील?"

निखिल उठला. "सर, तुमच्याकडे पाहीन."

"अन् मी तुझ्याकडेच पाहून राहिलो असलो तं?"

"मंग दोघं मिळून प्रज्ञाकडे पाहू!"

प्रज्ञा म्हणजे प्रताप नगरची आमची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. वर्ग हसला, ती लाजली.

*

मग ती सकाळ. प्रज्ञा काठी घेऊन टाकीकडे निघाली, तेवढ्यात विमानाजवळ एक कुत्रं आलं. कॅप्टननी तिच्या हातातली काठी ओढली आणि कुत्र्यामागे धावले. परत आल्यावर त्यांना वाटलं, पोरीनं आधीच पाहून घेतलं. पोरीला वाटलं, काठी सरांकडे, म्हणजे सर पाहतील. कुत्रं तेवढं पळालं!

हिंगण्याच्या पुढे इंजिन गप्प झालं. टाकी कोरडी. कॅप्टननी विमान कसंबसं हरभऱ्याच्या शेतात उतरवलं. पुढचं चाक मोडलं, कॅप्टनचा हात मोडला, प्रज्ञाच्या कपाळाला खोक पडली. आज हसत सांगतो, पण त्या दिवशी मला कॅप्टनचा भयंकर राग आला होता. पोर हकनाक गेली असती.

*

शेतात सगळ्यात आधी एक मोटारसायकलवाला पोचला. प्रज्ञानं रडत रडत सांगितलं, "काका, पेट्रोल संपलं."

तो आल्या पावली वळला, गाडीची नळी काढली आणि पाण्याच्या बाटलीत पेट्रोल भरून घेऊन आला. "घ्या साहेब. एवढ्यात नागपूरपर्यंत पोचान ना?"

कॅप्टन म्हणतात, इंजिन बंद पडल्यावर नाही, ती बाटली पाहून रडू आलं.

*

धंतोलीच्या दवाखान्यात हाडांचे डॉक्टर मान खाली घालून लिहीत होते. "काय झालं?"

"पेट्रोल संपलं, पडलो."

"काहून चालवून राहिले होते मंग? ढकलत आणायची ना!"

*

चौकशी झाली, कॅप्टनला बरेच महिने घरी बसवलं. ते परत आले, पण प्रज्ञा उडेना. आईनं साफ मनाई केली होती. पोरगी क्लबात यायची, विमानाच्या पंखाला हात लावून घरी जायची. बघवत नसे.

आणि एका रविवारी प्रज्ञाची आई, आमच्या काकू, स्वतः हजर! "सर, मले बसवा मागं. वर काय करते ही, पाहतो. मंग ठरवीन, शिकू द्याचं का नाही."

टाकी काठोकाठ भरली. कॅप्टननी काठी बुडवली, प्रज्ञानं बुडवली, परत कॅप्टननी बुडवली. विमान गेलं. आम्ही सगळे चहा सोडून उभे.

शहरावरून चक्कर मारून विमान उतरलं. काकू पदर आवळून खाली आल्या, चेहरा पांढराफटक. प्रज्ञा त्यांच्या तोंडाकडे पाहत होती.

शेवटी कॅप्टननीच हळूच विचारलं, "काकू, काय ठरवलं?"

"ते राहू द्या! प्रज्ञा, बाबाले फोन लाव वं लवकर! आपल्या गच्चीवरची टाकी वाहून राहिली, वरून दिसली मले! अन् पुढच्या रविवारी बी तिकडूनच घे विमान. मोटर बंदच करत नाही हा माणूस!"