धुक्याचं वेळापत्रक

आमच्या रंगाच्या कारखान्याचं कॅलेंडर दरवर्षी स्वित्झर्लंडच्या डोंगरांचं असायचं. आखातातल्या हमरिया फ्री झोनमध्ये बसून बर्फ बघायचा, तारीख बघायची आणि कामाला लागायचं. एका वर्षी जनरल मॅनेजरना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी मीटिंगमध्ये जाहीर केलं की येत्या कॅलेंडरवर इथल्याच समुद्रकिनाऱ्याचे फोटो असतील आणि ते स्टाफनेच काढायचे. सूर्यास्त, उंट, खजुराची झाडं असे महिने भराभर वाटले गेले. मी शाळेत करायचो तसा हात वर केला.

"सर, जानेवारी मी घेतो. किनाऱ्यावरचं धुकं."

"फॉग?" साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. मग "इन्शाल्ला" म्हणाले. त्या सुरावरूनच मला कळलं की त्यांचा विश्वास बसलेला नाही.

खरं तर मी तोवर वाढदिवसाच्या केकपलीकडे कशाचाही फोटो काढला नव्हता. पण मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. तालुक्याच्या कॉलेजात केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालो, तेव्हापासून माझा पक्का समज की कुठल्याही गोष्टीचा नीट अभ्यास केला की ती वेळेवर येते. परीक्षा येते, पगार येतो, तसं धुकंही येईल. याच भरवशावर मी गावी वडिलांना, म्हणजे आबांना, पत्र टाकलं, की आमच्या कंपनीच्या कॅलेंडरवर जानेवारीचं पान माझं.

आबांना अक्षरओळख नव्हती. पत्रं शाळेतले मास्तर वाचून दाखवायचे. मास्तरांनी ते आधी आबांना वाचून दाखवलं, मग देवळापुढे, मग आठवडी बाजारात. महिनाभरात उत्तर आलं: "कॅलेंडरसाठी भिंतीला खिळा ठोकला आहे. शेजारीपाजारीही ठोकले आहेत. एकूण सात प्रती पाठव."

आता माघार घेणं शक्य नव्हतं. फोटो डिसेंबरच्या सुरुवातीला छपाईला जाणार होते.

मी वही आखली. तारीख, वारा, दव, आकाश, धुकं. अल मजाजच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत रोज संध्याकाळी स्टीलचं ताट ठेवायचं आणि सकाळी त्यात जमलेलं दव लॅबमधल्या पिपेटने मोजायचं, अशी पद्धत बसवली.

"अहो, ते माझं कणकेचं ताट आहे," बायको म्हणाली.

"दोन आठवडे फक्त."

"मग दोन आठवडे भातच खा."

आमचा नऊ वर्षांचा मुलगा पिपेटकडे बघत म्हणाला, "बाबा, व्हाय डोन्ट यू जस्ट लुक आउट ऑफ द विंडो?"

खिडकीतून शहरातलं लगून, म्हणजे खाडीचं तळं, दिसायचं, हमरियाचा किनारा नाही. म्हणून मी रोज पहाटे कारखान्याच्या गेटवरच्या वॉचमनला फोन लावायला लागलो. एके दिवशी ताटात भरपूर दव होतं. मी उत्साहाने विचारलं, "भाई, कोहरा है क्या?"

"पता नहीं साहब," तो म्हणाला. "इधर से कुछ दिख ही नहीं रहा."

मी वहीत 'धुकं: अनिश्चित' असं लिहिलं आणि अंघोळीला गेलो. ऑफिसला निघालो तर पुढची गाडी दिसेना. सगळा स्टाफ दीड तास उशिरा पोचला. तेव्हा कुठे मला वॉचमनच्या उत्तराचा अर्थ लागला.

कॅमेरा आणि ट्रायपॉड शेजारच्या फ्लॅटमधल्या पुणेकरांचा होता. ते निवृत्तीला आलेले अकाउंटंट. कॅमेरा एकटा द्यायला ते तयार नव्हते, त्यामुळे दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, पहाटे तेही सोबत यायचे. नोव्हेंबरातले तीन शुक्रवार आम्ही गेलो. तिन्ही वेळेला आकाश इतकं स्वच्छ, की क्षितिजावरची जहाजं मोजता यावीत. धुकं शनिवारी यायचं.

"केमिस्टसाहेब, त्याला मेमो पाठवा," पुणेकर म्हणाले. "विषय: साप्ताहिक सुट्टी. प्रत माहितीसाठी, वारा."

छपाईआधीचा शेवटचा शुक्रवार उजाडला तो पांढराच. समोरची इमारत गायब. मी ओरडलोच, "यल्ला!" बायकोने थर्मास भरला, मुलाला झोपेतच गाडीत घातलं. पुणेकर कानटोपी घालून पुढे बसले.

हमरियाकडचा रस्ता मी बैलगाडीच्या वेगाने काढला. पुणेकर खिडकीतून डोकं बाहेर काढून वाट सांगत होते. "डावीकडे घ्या... हो, डावीकडे... अहो, ही डावी!" चाकांखाली वाळू लागली तेव्हा आम्ही थांबलो. खारा वास येत होता, लाटांचा आवाज येत होता. कुठून येत होता ते सांगता येत नव्हतं. पण किनारा तो हाच, अशी सगळ्यांची खात्री झाली.

ट्रायपॉड उभा केला. पाच मिनिटं काहीच नाही. मग धुक्यात एक आकार उमटायला लागला. लांबट, ठेंगणा. वर बारीक डोलकाठी. डोलकाठीपासून खाली एक दोर, आणि त्यावर काहीतरी फडफडतंय.

"होडी!" मी कुजबुजलो.

"शिडाची," पुणेकरही कुजबुजले. "हलू नका. ॲपर्चर मी बघतो."

बायको चहा ओतायची थांबली. आम्ही देवळात उभं राहावं तसे उभे होतो. मी एकेक फोटो काढत गेलो. उभा, आडवा, थोडा डावीकडून. पस्तीस झाले. छत्तिसाव्याला होडीतून एक माणूस बाहेर आला आणि काठावर उभा राहिला. धुक्यातला एकटा कोळी! मी बटण दाबलं. रोल संपला.

कोळी आमच्याकडे चालत आला. अंगात बनियन, खाली लुंगी, तोंडात ब्रश.

"क्या है?" तो फेसातून म्हणाला. "सुबह-सुबह हमारे केबिन का फोटो क्यों?"

शिडाची होडी म्हणजे बांधकामावरच्या कामगारांचं पोर्टाकेबिन होतं. डोलकाठी म्हणजे टीव्हीचा अँटेना. दोरीवर आणखी तीन लुंग्या वाळत होत्या.

"भाई, समुंदर किधर है?" मी विचारलं.

त्याने ब्रशनेच आमच्या पाठीमागे दाखवलं. आम्ही वळलो. तेवढ्यात ऊन चढलं, आणि धुकं विरून निळाशार, लखलखीत, कुठल्याही कॅलेंडरवर सापडेल असा समुद्र समोर आला.

"बाबा," मुलगा गाडीतून म्हणाला, "द सी वॉज बिहाइंड यू द होल टाइम."

परतीच्या वाटेवर पुणेकर म्हणाले, "ॲपर्चर मात्र अचूक होतं."

रोल धुवून आला आणि माझी पंचाईत झाली. छत्तिसावा फोटो अप्रतिम आला होता. दुधाळ पांढऱ्यात एक होडी, आणि काठावर पाठमोरा वाटावा असा एकटा माणूस. ब्रश दिसत नव्हता. रात्रभर मी कूस बदलत राहिलो. गावात सगळे वाट बघत होते. पण ज्या घरात पहिल्यांदा डिग्री आली, तिथे ती पोर्टाकेबिनला होडी म्हणण्यासाठी आली नव्हती, असं मला सारखं वाटत राहिलं.

साहेबांनी फोटो हातात घेतला. "माशाल्ला! व्हॉट अ फिशरमन!"

"सर," मी उभा राहून म्हणालो, "ही इज ब्रशिंग हिज टीथ." आणि मी सगळं सांगून टाकलं.

साहेब हसता हसता टेबलावर डोकं टेकून बसले. मग डोळे पुसत म्हणाले, "खाली लिहू, मॉर्निंग इन हमरिया. खरं की खोटं?"

"खरं, सर."

"खलास, हबीबी."

सात प्रती मी पोस्टाने पाठवल्या. मे महिन्यात सुट्टीवर गावी गेलो, तर आबा मला हाताला धरून घराघरांत नेत होते. प्रत्येक घरी कॅलेंडर अजून जानेवारीवरच होतं, आणि आबा त्या धुक्यातल्या माणसावर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "हा आमचा."

कॅलेंडरवर ज्याचं पान, त्याचंच चित्र, असा त्यांचा सरळ हिशेब होता. मी पहिल्याच घरी खरं सांगायला तोंड उघडलं. आबांचं बोट अजून त्या माणसावरच होतं, आणि चेहरा असा, की मी माझ्या निकालाच्या दिवशीही तसा पाहिला नव्हता.

घरातल्या म्हातारीने चित्र निरखून पाहिलं. "का रे, एवढा शिकलास," ती म्हणाली, "आणि तिकडं लुंगीवर हिंडतोस?"

"सकाळचंच फक्त, मावशी," मी म्हणालो.