तेहतीस फुटांचा दगड

कासार आंबोलीत कुशाबाच्या हाताला नाव होतं. विहिरीवरची मोटर असो की बंद पडलेलं घड्याळ, त्याच्या पडवीत आलं की ते चालू होऊनच जायचं. पण २००६ साली बंगलेवाल्या मनीषनं त्याच्यापुढं जे ठेवलं, ते त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. झटपट फोटो काढणारा, चामडी भात्याचा, विटेसारखा जड जुना कॅमेरा. त्याची फिल्म बनायची केव्हाच बंद झालेली. त्याची पाठ कापून तिथं चार बाय पाच इंचांची सुटी फिल्म बसवायची होती. एवढ्या मोठ्या फिल्मचा कॅमेरा एरवी स्टँडवर उभा करतात. मनीषला तो हातात धरून चालवायचा होता.

"पुण्यात कुणी हात लावत नाही," मनीष म्हणाला. "जमलं तर असे आणखी पाच आहेत. नाही जमलं तर निदान मोडून ठेवू नका."

ते 'मोडून' कुशाबाच्या काळजात बाभळीच्या काट्यासारखं रुतलं.

दोन महिने तो त्या कॅमेऱ्यावर बसला. करवतीनं पाठ कापली, सागाची चौकट घासून बसवली, काचेवर इंजिनाच्या व्हॉल्व्हची पेस्ट घासघासून ती दुधी केली. फोटो काढायच्या आधी चित्र त्या काचेवर पाहायचं. बांधापलीकडून त्याची चुलत भावजय साळूबाई बघायची. वाटणी झाल्यापासून तिच्या तोंडून त्याच्यासाठी सरळ शब्द निघाला नव्हता.

"भावजी, डबड्याला कल्हई करताय व्हय?"

कुशाबा काच घासतच राहायचा.

भिंग आणि फिल्म यांच्यातलं अंतर केसभर चुकलं तरी फोटो धुरकट येतो. ते जुळवायला पक्क्या अंतरावरची खूण लागते, आणि कुशाबाकडं ती होती. पडवीच्या कोपऱ्यापासून साळूबाईच्या बांधावरच्या दगडापर्यंत बरोबर एक साखळी, म्हणजे तेहतीस फूट. मोजणीदारानं वडिलांसमोर रोवलेला दगड. देवाला कुणी टेप लावतं का? कॅमेऱ्यातली अंतर दाखवणारी खिडकी तेव्हा खोलून ठेवलेली होती, म्हणून सगळा भरवसा दगडावर. त्यानं भिंग तेहतीस फुटांवर लावलं, आणि दगड दुधी काचेवर लख्ख दिसेपर्यंत चौकटीखाली पितळी पत्र्याच्या पट्ट्या सारल्या.

कॅमेरा नेऊन आठ दिवसांनी मनीष परत आला; त्यानं तो ओट्यावर ठेवला आणि शेजारी फोटो फेकला. त्याच्या मुलीचा, जुईलीचा. नाकाचा शेंडा सुईसारखा, आणि डोळे पाण्यात बुडाल्यासारखे.

"नेम डोळ्यांवर होता माझा. बाकीचे पाच मुंबईला पाठवतो आता. रविवारी हाही घेऊन जाईन. असेल तसा."

जाताना तो फिल्मचा एक ताव तेवढा ठेवून गेला.

कुशाबानं सगळं पुन्हा मोजलं. चौकट, काच, पट्ट्या. चूक कुठंच नव्हती. दोन दिवस त्याला भाकर गोड लागली नाही. शेवटी न मोजलेलं एकच राहिलं. वडील मोजणीच्या कामावर साखळी ओढायचे. त्यांची जुनी साखळी त्यानं आढ्यावरून काढली, कोपऱ्याला अडकवली आणि ताणली.

साखळी दगड ओलांडून साळूबाईच्या घेवड्यात सहा फूट गेली. म्हणजे दगड सत्तावीस फुटांवरच होता, आणि त्यानं भिंग तेहतीस समजून त्यावर जुळवलं होतं.

साळूबाई विळा घेऊनच धावली. "माज्या घेवड्यात पाय ठेवायचा न्हाई!"

"दगड सरकलाय, वहिनी. सा फूट."

"दगडाला पाय असत्यात व्हय?"

"दगडाला न्हाईत. तुमच्या औताला हायेत."

ती दात काढून हसली. "सा वर्सं झाली त्याला. दर नांगरटीला येक फूट. केसाकेसाचं मापणाऱ्याला दिसंना, त्यात आमचा काय दोस?"

कुशाबाच्या तोंडावर जसं शेण मारलं. कारण ते खरं होतं.

साळूबाई साखळीच्या टोकावर दोन्ही पाय रोवून उभी राहिली. "ही हितं हुभी हाय मी. हलवून दाव."

कुशाबानं तिच्या पायांखालचं साखळीचं टोक पाहिलं: बरोबर तेहतीस फूट. मग तो पडवीत गेला, कॅमेरा कोपऱ्याशी टेकवला, भिंग पुन्हा तेहतीस फुटांवर लावलं आणि काचेवर तिचे डोळे धरले. एकेक पट्टी काढायची, बघायचं, पुन्हा काढायची.

"काय करतुयास?"

"काय न्हाई. दमला असाल तर सरका."

"सरकंल माजं पायताण!"

भर उन्हात ती तासभर उभी होती. तिच्याइतकी अढळ खूण अख्ख्या मुळशी तालुक्यात दुसरी सापडली नसती. शेवटची पट्टी निघाली, काचेवर तिची पापणी न् पापणी उठली. कुशाबानं तो एकुलता ताव खर्च केला.

रविवारी मनीष कॅमेरा आणि ताव घेऊन गेला. पुढच्या रविवारी पाचही कॅमेरे घेऊन आला, वर फोटो. बाईच्या डोळ्यांतला राग कुणालाही भिववील असा लख्ख. अलीकडचा दगड धुरकट, आणि त्याला ओलांडून तिच्या पायांखाली गेलेली साखळी.

"कोण ही?" मनीषनं विचारलं.

"आमची वहिनी. फोटोची आणखी एक प्रत द्या, साहेब. पौडच्या कचेरीत मोजणीचा अर्ज टाकायचाय."

बांधापलीकडून साळूबाईनं मान उंच करून फोटो पाहिला.

"मला काळी काढलीस, मुडद्या!"

"हाय तशी आली, वहिनी," कुशाबा म्हणाला, आणि त्यानं दुसऱ्या कॅमेऱ्याच्या पाठीला करवत लावली.