मखाण्यांचा हार
तुपात मखाणे भाजल्याचा वास आला की मला मोशीतलं लेकीचं बोरन्हाण आठवतं. साखर खाल्ली की तिचं पोट बिघडायचं, फळं तेवढी चालायची, म्हणून त्या संक्रांतीला हलव्याचे दागिने घालायचेच नाहीत असं मी ठरवलं. शेजारच्या काकू मोशीच्याच. त्या म्हणाल्या, “लेकराला दागिन्याबिगर बसवायची व्हय?” आणि दुसऱ्या दिवशी भाजलेले मखाणे नि मनुके ओवून मुकुट, हार, बाजूबंद असं सगळं घेऊन आल्या. इतकं देखणं काम मी दुकानातही पाहिलं नव्हतं. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, खजुराचे तुकडे ओतले तशी बाकीची पोरं वेचायला धावली. लेक मात्र पाटावरून हलली नाही. भिंतीवरच्या फोटोत अजून तिचे गाल फुगलेले दिसतात आणि गळ्यात नुसता दोरा.