पिन घट्ट आहे

वानखडे सर गेले त्या सकाळी मी मालेगावच्या चौकात त्यांच्याच गाडीची वाट पाहत उभा होतो. नऊ वाजून दहा मिनिटांनी त्यांची जुनी पांढरी गाडी येणार आणि तिच्या बॉनेटशेजारची उंच अँटेना लांबूनच हलताना दिसणार, हा अकरा वर्षांचा शिरस्ता होता. त्या दिवशी साडेनऊ झाले. दोनदा फोन लावला, कुणी उचलला नाही. यायचं नव्हतं तर सांगायचं तरी, असं पुटपुटत मी वाशिमच्या बसमध्ये चढलो. कंडक्टर तिकीट फाडत असतानाच मीनलचा, त्यांच्या मुलीचा, फोन आला. "काका, बाबा गेले… सकाळी चहा घेताघेताच. तुम्ही चौकात उभे असाल ना, म्हणून…" बाप समोर निजलेला असताना त्या मुलीला माझं चौकात उभं राहणं आठवलं होतं. आणि मी अर्धा तास त्यांच्यावर चिडत होतो.

याला आता सात आठवडे झाले. सरांबद्दल चार शब्द लिहा, असं त्यांच्या शाळेतल्या लोकांनी मला सांगितलं. मी लिहायला बसलो की चार चांगले शब्द येतात आणि पाचव्याला हात थांबतो. म्हणून तो पाचवा शब्दच लिहायचं ठरवलं आहे.

सर वाशिमच्या पलीकडच्या एका गावात विज्ञान शिकवत. मी वाशिमला कचेरीत कारकून. माझ्याकडे गाडी नव्हती आणि सरांना एकट्यानं गाडी चालवायला आवडत नसे, एवढ्यावर आमची सोबत जमली. सरांना गाडीतल्या रेडिओचं वेड आधीपासून होतं, पण मीनल अकोल्याच्या केंद्रावर निवेदन करायला लागली तेव्हापासून त्या वेडाला कारण मिळालं. मंगळवारी आणि शुक्रवारी, नऊ ते दहा, श्रोत्यांची पत्रं वाचायची ती. नेमका आमच्या प्रवासाचा वेळ. पण मालेगाव सोडून वाशिमकडे निघालं की अकोला मागे पडतं, आणि प्रत्येक मैलाला तिचा आवाज बारीक होत जाई. पुलाच्या उतारावर तर नुसती खरखर. सर त्या खरखरीशी वर्षानुवर्षं भांडले. आखूड अँटेना काढून लांब बसवली. तिच्या बुडाखालचा रंग खरवडून पत्रा उघडा पाडला. "पत्र्याले पत्रा भिडला पाह्यजे, भाऊ. मधात रंग आला का खरखर आलीच." माझा फोन चार्जिंगला लावलेला दिसला की ते तो उपसून माझ्या मांडीवर ठेवत. "हा चार्जर लय बदमाश. माह्या पोरीच्या बोलण्यात टांग अडवते."

मी एकदा म्हटलं, "सर, मोबाइलवर स्वच्छ ऐकू येते की!"

"मोबाइलवर ती अर्धा मिनिट मागून येते. मले तिनं तोंड उघडलं का त्याच घडीले ऐकाचं असते."

रेडिओच्या मागे अँटेनाच्या वायरची पिन असते. खड्ड्यांच्या रस्त्यानं ती ढिली व्हायची आणि आवाज जायचा. सरांचा पंजा रुंद, तो त्या फटीत शिरत नसे. माझा हात लहानपणापासून काटकुळा. मग दर सोमवारी निघण्याआधी मी समोरच्या कप्प्याखालून हात घालून पिन दाबायची, अशी रीत पडली. "हा हात आहे का पळी?" सर हसत. "सरकारनं तुमाले फाइली सरकवाले ठेवलं, पण तुमचा खरा उपयोग हा हाय." मी हात बाहेर काढला की विचारत, "पाह्यली?" मी म्हणायचो, "घट्ट आहे." मग ते खाली उतरून अँटेनाचे चारही टप्पे वर ओढत, गोड्या तेलाच्या फडक्यानं पुसत, आणि गाडी निघे.

माझा मुलगा पुण्यात असतो. दोन वर्षांपूर्वी त्याचं आणि माझं वाजलं. तो त्याच्या आईला फोन करी, पण मी घेतला की "ठेवतो" म्हणे. गेल्या दिवाळीलाही तो आला नाही. दिवाळीनंतरच्या सोमवारी मी स्वतः त्याला फोन केला, तेव्हा तो म्हणाला, "बाबा, तुम्ही नका करत जाऊ फोन." दुसऱ्या दिवशी मंगळवार. गाडीत बसलो तर मीनल कुणा आईचं पत्र वाचत होती, आणि सर मांडीवर थाप मारून म्हणाले, "ऐका भाऊ, ऐका! कशी बोलून राह्यली माही पोरगी! लेकरू असावं तर असं." त्यांच्या मनात काही नव्हतं. त्यांना माझ्या घरातलं ठाऊकही नव्हतं, मी सांगितलंच नव्हतं. वाशिमच्या अलीकडे ते पेट्रोल भरायला उतरले. मी कप्प्याखालून हात घातला, पिन ओढली आणि मागच्या वायरींच्या गुच्छात खोसून दिली.

एका दिवसापुरतं केलं होतं… असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण दुसऱ्या सोमवारी सरांनी विचारलं, "पाह्यली?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "घट्ट आहे."

त्यानंतर तीन-साडेतीन महिने तो भला माणूस नसलेला बिघाड शोधत राहिला. अँटेनाचं बूड पुन्हा खरवडलं. मग एका रविवारी अकोल्याला जाऊन नवी अँटेना आणली, ती बसवताना पाना धरायला मीच होतो. वायर बदलू का, अँटेना टपावर घेऊ का, असं ते मलाच विचारत, आणि मी गंभीर चेहऱ्यानं मत देत असे. मंगळवारी, शुक्रवारी ते खरखर लावून ठेवत आणि कान पुढे करून गाडी चालवत. एकदा त्या खरखरीतून अर्धा शब्द आला. "मीनल!" म्हणून त्यांनी ब्रेकच मारला. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

माघ सरता सरता त्यांनी रेडिओ लावणंच सोडलं, आणि सोमवारी मला पिन पाहायला सांगणंही. "काहून, सर?" मी विचारलं. ते रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "जाऊ द्या, भाऊ. रेडिओ लय झाला. तुमीच बोला. पोराचा फोन येते का?" त्यांना कुणी सांगितलं, माहीत नाही. गावात काय लपतं? मी आधी उडवून लावलं. मग बोलू लागलो. पुढचे पाच-सहा महिने त्या गाडीत मी माझ्या मुलाबद्दल जितकं बोललो तितकं बायकोशीही बोललो नाही. सर मध्ये एवढंच म्हणत, "तुमी फोन करत राहा. तो नाई घेत म्हणून आपण बंद करायचा नसते." मी करत राहिलो. पोळ्याच्या दिवशी मुलानं फोन घेतला आणि दहा मिनिटं बोलला. दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं, तर त्यांनी हॉटेलसमोर गाडी थांबवून कट चहा पाजला. त्यानंतर आठ दिवसांत ते गेले.

पंधरवड्यानं त्यांच्या घरून निरोप आला. गाडी उभी राहून बॅटरी उतरली होती, मीनलच्या आईनं मला ती बघायला सांगितली. नाक्यावरच्या रफिकभाईनं येऊन बॅटरी जोडली. मी चावी फिरवली आणि मोठ्यानं, स्वच्छ, खरखरीशिवाय अकोलं बोलू लागलं.

मी रफिकभाईकडे पाहिलं. तो म्हणाला, "महाशिवरात्रीच्या आसपास सर रेडिओसाठी गाडी घेऊन आलते ना. मी सेट बाहेर काढला. पिन ढिली होती असं नाही भाऊ, ती वायरीच्या गुच्छात खोसलेली होती. मी बोललो, सर, ये तो किसी ने किया है. अशी आपोआप नाई जात. सर म्हणे, माह्याच हातानं झालं असन, तू टेप मारून दे, अन् कोणाले सांगू नको."

त्यांचा हात त्या फटीत शिरत नव्हता. रफिकभाईला हे माहीत नव्हतं. सरांना माहीत होतं.

म्हणजे रेडिओ दुरुस्त होता. सगळे महिने दुरुस्त होता, आणि ते मला शेजारी बसवून तो बंद ठेवत होते.

मी त्याच संध्याकाळी मीनलला सगळं सांगितलं. हे तिनं छापील कागदावर आधी वाचू नये, एवढी लाज मला उरली होती. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्हाला सोडल्यावर ते शाळेच्या अलीकडे टेकाडावर गाडी उभी करायचे, तिथं उंचावर आवाज येतो. शेवटची दहा-पंधरा मिनिटं ऐकायचे आणि मला फोन करायचे. मी विचारायची, बाबा, सुरुवातीचं काहून नाही ऐकत? तर म्हणायचे, सोबत भाऊ असतात, त्यांचं बोलणं ऐकतो." आणि शेवटी तिनं म्हटलं, "काका, मला वाटायचं माझा कार्यक्रम त्यांना पहिल्यासारखा आवडत नाही."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही मागितली नाही… कुठल्या तोंडानं मागणार होतो?

गाडी आता मीच चालवतो. उभी राहून खराब होऊ नये म्हणून मीनलच्या आईनं चावी माझ्याकडे दिली. मंगळवारी आणि शुक्रवारी घरून जरा लवकर निघतो. कचेरीवरून पुढे जाऊन त्यांच्या टेकाडावर थांबतो आणि मीनलचं शेवटचं पत्र वाचून होईपर्यंत ऐकतो. उशिराचा शेरा पडतो, पडू द्या. दर सोमवारी अँटेनाचे चार टप्पे ओढून फडक्यानं पुसतो. फडक्याला अजून त्यांच्या तेलाचा वास आहे. मग माझ्या जुन्या सीटवर बसून समोरच्या कप्प्याखालून हात घालतो. रफिकभाईनं मारलेली टेप बोटांना लागते. ती पिन आता हलणं शक्य नाही, तरी मी दाबून पाहतो, आणि शेजारच्या त्यांच्या रिकाम्या सीटकडे न बघता मोठ्यानं म्हणतो, "घट्ट आहे, सर."