पासावरचं डोकं

मला लिवता येत नाय. मी बोलतो आणि नात लिवते. ती मदेच हसत बसते, तेवा एखादं वाक्य सुटलं असेल तर तिच्याकडं मागा.

तारापूरला वीजघराचं बांधकाम निघालं तेवाची गोष्ट. माजं लगीन नवीन होतं आणि तीन कामं सुटून झाली होती. पयलं होडीवरचं. खाडीत मी मजेत असायचो, पण पुडं दर्या लागला की पोटातलं सगळं माशांना वाढायचो. दुसरं ताडी काडायचं. चडलो झपाझप, उतरायचं कसं ते इचारायचं रायलं. दोर बांदून उतरवला मला, सगळा गाव जमला होता. तिसरं सफाळ्याला, भाताच्या गिरणीत. तिथं कोंड्याच्या ढिगावर अशी गोड झोप लागायची की शेवटी मालक म्हणाला, "तुला घरी झोपू देत नाय का कोण?"

मग सासरा आला. ओट्यावर बसला, पाणी घेतलं, चहा नको म्हणाला. सासरा चहा नको म्हणाला की समजायचं.

"जावयबापू," तो म्हणाला, "चौथं काम सुटलं तर पोरीला मी माज्या घरी नेईन. तुमी मग खुशाल बसा ताडावर."

चौथं काम मिळालं ते बांधकामावर, घमेली उचलायचं. मुकादमानं सगळ्यांना उबं करून सांगितलं, "उद्या दुपारी फोटोवाला येणार. फोटो पासाला लागणार. पास असेल तो गेटाच्या आत, नसेल तो घरी. आणि जरा माणसासारखे दिसून या."

हे शेवटचं तो माज्याकडं बगून बोलला.

तोवर माजे केस गावचा न्हावी कापायचा. चिंचेखाली दगडावर बसवायचा, डोकं दोन गुडघ्यांत आवळायचा, वाटीभर पाण्यानं केस चोळायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत कापायचा. कोणाशी भांडण निघालं की कान सांबाळायला लागायचा. पण एक सुख होतं. आरसा नव्हता, आणि कसं झालं ते तो इचारायचा नाय.

पण फोटो म्हटल्यावर मला चिंच पुरेना. गेटाच्या रस्त्यावर कुडाच्या भिंतींचं नवं सलून झालं होतं. गोल फिरणारी खुर्ची, पुडं आरसा, मागं आरसा, पावडरचा डबा. मालक मुंबईत कुठं तरी काम करून आलेला. कोणालापण 'शेट' म्हणायचा. मला आजवर कोणी शेट म्हटलं नव्हतं. तिथंच माजी अर्दी अक्कल गेली.

"शेट, कटिंग झालं. आता डोकं धुऊन देतो, मुंबईसारखं," तो म्हणाला.

मला वाटलं, डोकं काय मला धुता येत नाय? पण शेटनं असं बोलायचं नसतं. मान मागं टाकून घमेल्यावर आडवा झालो. दिवसभर घमेलं डोक्यावर, आता डोकं घमेल्यात. त्यानं पिंपातला मग माज्यावर ओतला. पाणी कपाळावरनं ओठावर आलं.

खारं! चाखताच कळलं. आमच्याकडं शेंबड्या पोरालापण म्हाईत हाय की खाऱ्या पाण्यात साबण फाटतो. फेस होत नाय, नुसतं चिकट दही होतं, ते केसांत बसतं आणि वाळलं की केस काथ्यासारखे उबे. गोड्या पाण्याची बैलगाडी त्या दिवशी आली नसेल, यानं खाडीकडचं भरलं असेल. तो पडला घाटावरचा, त्याला काय ठाव? पण मला तर ठाव होतं ना! तोंड उघडून "दादा, पाणी खारं हाय" एवडं सांगायचं. चार शब्द.

पण तो बोलत होता मुंबईबद्दल. तिथं मोठे मोठे लोक कसे डोकं धुऊन घेतात, कसे डोळे मिटून पडतात. मला वाटलं, मुंबईचीच रीत असेल ही, दर्या तर तिथंपण हाय. मी डोळे मिटले.

"कसं वाटतंय, शेट?"

"मस्त," मी म्हणालो.

त्यानं टॉवेलनं खसाखसा पुसलं, दोन आरशांत पुडचं-मागचं दाखवलं, पावडर मारली. केस ओले होते तवर बसून होते. मी मान हलवली. मागचं काय दिसलं नाय मला, पण सगळे मान हलवतात.

गेटापातूर ऊन कडक. रांगेत उबा रायलो तवर केस एकेक करून उठले. पुडचा एक जण मागं वळून बगायचा, परत पुडं बगायचा. फोटोवाल्यानं काळ्या कापडात डोकं घातलं, बाहेर काडलं, माज्याकडं नीट पायलं.

"हे असंच काढू?" त्यानं इचारलं.

"नुकतं सलूनात जाऊन आलोय," मी जरा रुबाबातच म्हणालो.

पास आला आठवड्यानं. घरी आणून बायकोला दाखवला. ती चुलीपुडं बसली होती, तिथंच आडवी झाली हसून. "फोटो काडताना मागनं कोणी घाबरवलं का तुमाला?"

मी चिडलो. गोड्या पाण्यानं दोनदा डोकं धुतलं, खोबरेल चोपडलं, मदोमद भांग पाडला आणि सकाळी गेटावर पास पुडं केला. गेटवाला उत्तरेकडचा होता, मिशीवाला. त्याला वाचता येत नव्हतं, मलापण येत नव्हतं. आमच्या दोघांत काय तो फोटोच.

"ये तू नहीं है," तो म्हणाला.

"मैं ही है, साब."

"इसके बाल खड़े हैं. तेरे बैठे हैं."

"बाल बैठ गया, साब. आदमी वोही है."

"चल हट. किसी और का पास लाया है."

मागची रांग हसत आत गेली. मी बाहेर. मुकादम आतून ओरडला, "तीन दिवस कामावर आला नाय तर नाव काडीन!" त्यानं येऊन ओळख सांगायला काय हरकत होती? पण तो आतला, आणि मला गेटातनं हाक मारायची लाज.

दुसऱ्या दिवशी तेल पुसून गेलो. तरी नाय. केस बसलेलेच. घरी आलो तर बायको हसली नाय. तिनं ट्रंक उघडून लुगडी नीट घड्या करून ठेवली होती. म्हणाली, "बाबा उद्या बाजाराला येणार हाय. इकडनं जाईल." बस, एवडंच.

तिसऱ्या दिवशी निघताना कपड्याच्या साबणाची वडी खिशात घातली. वाटेत खाडीवर उतरलो, डोकं बुडवलं, साबण चोळला, परत बुडवलं आणि उन्हात उबा रायलो. कोळणी टोपल्या घेऊन चालल्या होत्या. एक म्हणाली, "अरे, भरतीच्या पाण्यात साबण लावतोस? खुळा का रे तू?"

"नोकरी हाय माजी," मी म्हणालो. तिला काय कळलं देव जाणे.

गेटवाल्यानं फोटो बगितला, मला बगितलं. मिशीत हसला. "हाँ. ये तू है."

त्या दिवशी सासरा येऊन एकटाच परत गेला, मी कामावर होतो. मग तोच नेम. रोज सकाळी खाडी, साबण, ऊन. कामावरचे मला साळिंदर म्हणायचे. बायकोला आदी संशय आला. सकाळी साबण घेऊन पुरुष निघाला की कोणालापण येईल. एक दिवस मागनं आली, माज्या डोक्याचा तो कारभार झाडाआडनं बगितला आणि परत गेली. संद्याकाळी गोड्या पाण्यानं तिनं स्वताच माजं डोकं धुऊन दिलं. ट्रंकेतली लुगडी परत दांडीवर आली होती.

पाऊस सरला आणि मुकादमानं सांगितलं की टिकलेल्यांना पक्के पास मिळणार, नवे फोटो. मी ठरवलं, यावेळी बोलायचं. नुसतं बोलायचं नाय, सोय करूनच जायचं. बायकोनं गावच्या विहिरीची गोड्या पाण्याची कळशी भरून दिली. खांद्यावर ती घेऊन सलूनात गेलो आणि त्याच्यापुडं ठेवली.

"हे काय, शेट?"

"पाणी. गोडं."

तो उडालाच. "अहो, देवासारखे आलात! दोन दिवस चहा नाही इथं. गाडीच येत नाही." बोलता बोलता त्यानं अर्दी कळशी पातेल्यात ओतलीपण. अर्दी माठात. बाकड्यावरच्या चार गिऱ्हाइकांना चहा, मला पयला. चहा खरंच फक्कड होता. त्याच्याच हातचा चहा पिऊन त्याला मी काय बोलणार? आडवा झालो. पिंपातला मग आला. ओठावर खारं.

"कसं वाटतंय, शेट?"

"मस्त," मी म्हणालो.

नव्या पासावर केस पयल्यापेक्षा बोटभर जास्तच उबे आले. पण गेटवाल्यानं लांबनंच बगितलं आणि पास न मागता हात केला, "जा, जा." बाकीच्यांचे नवे फोटो तो एकेक करून ताडत बसला होता, ते उन्हात उबे, आणि मी आत.

सासरा आला तेवा पक्का पास त्याच्या हातात दिला. त्यानं तो लांब धरला, जवळ धरला, मग माज्याकडं पायलं.

"पोरगी राहू दे इथं," तो म्हणाला. "हे डोकं घेऊन तुमी आता दुसरीकडं कुठं जाणार?"

आणि मग आत वळून चहा मागितला.